गाय पडल्यापासून चार रात्री : गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य वन्यजीव रक्षक,
वन खाते, गोवा सरकार, पणजी.

प्रत : पशुसंवर्धन खाते, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांतील ग्रामपंचायती.

विषय : वाघ-बिबट्याने मारलेल्या गुरांची भरपाई, अभयारण्यातील चराई आणि विषप्रयोग.

महोदय,

सत्तरीत कुणी ‘वाघाने गाय मारली’ असे सांगत आले, तर ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, कुठल्या वाघाने? बिबट्यालाही इथे वाघच म्हणतात. पट्ट्यांचा असेल तर ‘पट्टेरी’ हे मुद्दाम सांगावे लागते. अर्जावर ‘वाघ’, पंचनाम्यावर ‘बिबटा’ आणि पशुवैद्याच्या दाखल्यावर नुसतेच ‘हिंस्र प्राणी’, असे तीन कागदांवर तीन शब्द पडले की भरपाईची फाईल खुलाशासाठी मागे फिरायला तेवढे निमित्त पुरते. गाय मात्र एकच असते आणि ती मेलेली असते.

हे पत्र त्या फाईलबद्दल आहे. गोव्यात व्याघ्र प्रकल्प व्हावा की नाही, यावर भरपूर बोलून झाले आहे आणि न्यायालयात अजून बोलले जाईल. आमचे म्हणणे त्याहून लहान आहे. गुरे पाळणारा माणूस वाघ सोसतो की वाघावर उलटतो, हे जनावर पडल्यापासूनच्या चार रात्रींत ठरते. त्या चार रात्री खात्याने आपल्या हातात घ्याव्यात. बाकीचे फलक, सप्ताह आणि शाळांतल्या चित्रकला स्पर्धा नंतर.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. प्रकार विषप्रयोगाचा होता. त्याआधी वाघाने गुरे मारली होती, आणि पकडली गेलेली माणसे गुरांवरच जगणारी होती. त्याच्याही आधी, २००९ साली, सत्तरीतल्याच केरीत वाघ मारला गेला होता. २०११ साली केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी म्हादईत व्याघ्र प्रकल्प करावा असे गोवा सरकारला सुचवले. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश दिला आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्या काळात ‘गोव्यात वाघ राहत नाही, तो कर्नाटकातून येतो आणि जातो’ हे वाक्य कितीदा ऐकले याची गणती नाही. बछडे दीड ते दोन वर्षे आईच्या मागे असतात. तीन पोरे घेऊन फिरणारी वाघीण वाटसरू नसते, तिने बिऱ्हाड थाटलेले असते. पूर्वेला कर्नाटकातले भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला महाराष्ट्रातले तिळारीचे खोरे, मध्ये म्हादई, मोले, नेत्रावळी. वाघाच्या लेखी हे सगळे एकच रान आहे.

वाघ इथल्या माणसालाही नवा नाही. सत्तरीपासून काणकोणपर्यंत कितीतरी गावांत वाघ्रोचा दगड आहे, त्यावर वाघ कोरलेला असतो आणि ठरल्या दिवशी त्याला नारळ मिळतो. बाहेरून आलेल्या वन्यजीवप्रेमींना हे फार आवडते. ‘लोकांनी वाघाला देव मानले, म्हणून वाघ वाचला’ असे ते लिहूनही टाकतात. ते अर्धेच खरे आहे. देवाला नारळ देणारा माणूस गाय मेल्यावर संतापतोच, आणि ज्या पिढीने वाघ्रोला नारळ ठेवला तिच्याच काळात शिकारही चालू होती. देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली ती १९७० साली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात १ एप्रिल १९७३ची. म्हणजे वाघ मारणे हा गुन्हा आहे ही गोष्ट जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांची. आजच्या आजोबांच्या लहानपणी ती नव्हती. श्रद्धेने सोसण्याची ताकद वाढते, पण गेलेल्या गाईचे दूध त्यातून निघत नाही.

आता खरी गाठ कुठे आहे ते सांगतो.

गाय अभयारण्याच्या हद्दीत मारली गेली, तर मालकापुढे पेच उभा राहतो. भरपाई मागायची तर ‘माझी गुरे अभयारण्यात चरत होती’ हे लेखी कबूल करावे लागते. समोरचा वनरक्षक चांगला असला तरी नियमावर बोट ठेवून सांगू शकतो की चराईच बेकायदा, मग भरपाई कसली? हे एकदा एका वाड्यावर घडले की पुढच्या वेळी त्या वाड्यावरून कुणी कळवायलाच येत नाही. न कळवलेले जनावर रानात पडून राहते आणि त्याच्याजवळ मालकाखेरीज कुणीच नसते. विष इथून सुरू होते. ज्याला पैसे मिळणार नाहीत आणि ज्याचे कुणी ऐकूनही घेणार नाही, त्याच्या हाताशी माळ्यावरचा कीटकनाशकाचा डबा तेवढा उरतो.

हा पेच कायद्याने घातलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ वाचावे. अभयारण्यात अधिवासाची नासधूस करायला मनाई करणाऱ्या त्याच कलमाला स्पष्टीकरण जोडलेले आहे, की कलम ३३च्या ‘डी’ उपकलमाखाली मुभा दिलेली गुरांची चराई किंवा ये-जा हे त्या मनाईत मोडत नाही. आणि कलम ३३ हे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या, म्हणजे आपल्याच, अधिकाराचे कलम आहे. राष्ट्रीय उद्यानात ही सोय नाही. तिथे कलम ३५ गुरांना मज्जाव करते, त्यामुळे मोलेचे १०७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान वेगळे ठेवावे लागेल. पण म्हादई (२०८ चौरस किलोमीटर), नेत्रावळी (२११) आणि खोतीगाव (८६) ही अभयारण्ये आहेत. तिथल्या प्रत्येक वाड्याची गुरे किती, चरतात कुठे, पाण्यावर जातात कुठल्या वाटेने, हे वनरक्षकाला तोंडपाठ असते. ते कागदावर घ्या, वाड्यावार चराईचा लेखी आदेश काढा, गुरांची संख्या आणि हद्द त्यात घाला. वाघिणीबरोबर बछडे दिसले तर तेवढा ओढा तीन-चार महिने बंद, अशी अटही घाला. अट पाळून चरणाऱ्या जनावराची भरपाई मग नाकारता येणार नाही, आणि अट मोडणाऱ्याला काय चुकले ते सांगताही येईल.

याला जोडून कलम ३३-अ. अभयारण्यातल्या आणि त्याच्या भोवती पाच किलोमीटरच्या आतल्या गुरांना साथीच्या रोगांची लस टोचून घेणे ही मुख्य वन्यजीव रक्षकाची जबाबदारी आहे. लाळ्या-खुरकूत गुरांकडून गव्याला होते, हे सांगायला नको. गवा तर आपला राज्यप्राणी. लसीकरणाला गेलेला पशुवैद्य त्याच फेरीत गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला मारू शकतो. त्या बिल्ल्याचे महत्त्व पुढे येईल.

आता त्या चार रात्री.

गाय घरी परतली नाही हे दिवेलागणीला कळते. सकाळी शोधायला गेल्यावर पाचोळा एकाच बाजूला घासत गेलेला दिसतो, करवंदीच्या काट्यांना पांढरे केस चिकटलेले असतात, आणि ओढल्याची खूण ओहोळाकडे किंवा दाट झाळीत उतरते. ‘पुरावा’ म्हणून मालक गाय वाड्यावर ओढून आणतो, नाहीतर कान आणि शिंगे कापून आणतो. इथे पहिली चूक होते, आणि ती करायला त्याला कागदपत्रांनीच शिकवलेले असते. वाघ एका बैठकीत वीस-तीस किलो मांस खातो. गाईएवढे जनावर त्याला तीन-चार रात्री पुरते, आणि प्रत्येक रात्री तो त्याच जागी परत येतो. जनावर हलवले तर तो उपाशी राहतो आणि लवकरच दुसरी गाय पडते. म्हणजे पंचनाम्याच्या सोयीसाठी आपण एकाच्या दोन गाई करतो.

म्हणून पहिला नियम : वनरक्षकांच्या भाषेतला ‘किल’, म्हणजे मारून टाकलेले जनावर, जागचा हलवायचा नाही. मालकाने दुरून मोबाईलवर फोटो काढावा, वेळ आणि ठिकाण त्यात उमटेल असे पाहावे आणि कळवावे. रेंज नसलेल्या वाड्यांसाठी जवळच्या वनचौकीपर्यंत निरोप पोहोचला की वेळ तिथून मोजावी. जनावर गोठ्यात किंवा अंगणात पडले असेल तर अर्थात ते तिथे ठेवता येत नाही. मोजमाप झाल्यावर ज्या बाजूने वाघ आला त्याच बाजूला, रानाच्या कडेला नेऊन ठेवावे. पुरू नये. त्यावर चुना, मीठ किंवा फिनेल टाकू नये.

दुसरी गोष्ट ओळखीची. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण केले नाही तर पुढे दहा महिने वाद चालतो. गळ्यावरचे केस ब्लेडने काढावेत. सुळ्यांची भोके दिसतात, त्यांच्यात पट्टी धरून अंतर मोजावे : वरच्या दोन सुळ्यांमधले अंतर पाच सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर पट्टेरी, चारच्या आसपास असेल तर बिबटा. कातडीला चीर देऊन आत पाहावे. भोकांभोवती रक्त साकळलेले असेल तर चावा जिवंतपणी बसला. रक्त साकळलेले नसेल तर गाय आधीच मेलेली होती (सर्पदंशाने, पोटफुगीने किंवा आजाराने) आणि वाघ किंवा बिबटा नंतर आला. ही तपासणी मालकाच्या विरोधात जाऊ शकते हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही ती व्हावी. खोटा दावा एकदा पकडला गेला की खरे दावे लवकर सुटतात.

खाण्याची सुरुवात कुठून झाली तेही पाहावे. वाघ बहुधा मागच्या मांड्यांपासून सुरुवात करतो आणि कोठा बाजूला काढून टाकतो. बिबटा अनेकदा पोट किंवा छातीकडून. कोळसुंद्यांचे, म्हणजे रानकुत्र्यांचे, काम निराळेच : गळ्याला एकही नीट चावा नाही, मागून आणि पोटाकडून लचके, सगळीकडे पावले, आणि तासाभरात जनावराचा सांगाडा. त्यांचे खापर वाघावर फुटते. पाऊल ओल्या मातीत सापडले तर बरोबर वरून फोटो घ्यावा, शेजारी मापासाठी काड्यापेटी ठेवावी. मोठ्या वाघाच्या पुढच्या पंजाची रुंदी सहज बारा सेंटिमीटरच्या पुढे जाते, बिबट्याची दहाच्या आत राहते. पंजा चिखलात पसरतो, म्हणून चिखलातल्या एकाच ठशावर निकाल देऊ नये.

तिसरी गोष्ट कॅमेरे, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे. एक नव्हे, दोन. वाघाच्या उजव्या अंगावरचे पट्टे डाव्या अंगासारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजूने टिपलेला वाघ तोच की दुसरा, हे सांगता येत नाही. ओढल्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, वाटेपासून तीन-चार मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर, समोरासमोर लावावेत. पण अगदी एका रेषेत नको, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. समोरचे गवत आणि फांद्या छाटाव्यात. वाऱ्याने हलणाऱ्या एका पानाने रात्रभरात कार्ड भरते आणि वाघ येतो तेव्हा जागा उरलेली नसते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायला विसरू नये. सत्तरीचा पाऊस कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

चौथी गोष्ट राखण, आणि सगळे काही हिच्यावर आहे. जनावर जागेवर ठेवायचे म्हणजे विषासाठी ताट वाढून ठेवण्यासारखेच आहे, जर तिथे कुणी नसेल. रात्री वाघाजवळ जायला कुणी धजत नाही, त्यामुळे विष दिवसाउजेडी घातले जाते. राखण दिवसाची हवी : सकाळी उजाडल्यापासून सूर्य कलेपर्यंत, दोन माणसे, किलपासून दोनशे-तीनशे मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि अंधार पडायच्या आत माघारी. त्या दोघांपैकी एक वनरक्षक असावा आणि दुसरा त्याच वाड्यावरचा माणूस, रोजंदारीवर. शक्य असेल तर ज्याची गाय गेली त्याच्याच घरातला. चार दिवसांची मजुरी हातात पडणे हा सांत्वनाचा सगळ्यात जलद मार्ग आहे. शिवाय जो राखण करतो त्याच्यावर संशय घेता येत नाही, हे वाड्यावर सगळ्यांना कळते.

राखण करणाऱ्याने रोज सकाळी लांबून एक पाहावे : माश्या. मेलेल्या जनावरावर माश्या घोंघावत असतील तर ठीक. माश्याच मरून पडल्या असतील, जवळ कावळा किंवा घोरपड आडवी असेल, मांसात रंगीत दाणे दिसत असतील, तर तिथे कीटकनाशक आले आहे. ही औषधे मज्जातंतूंवर घाव घालतात. लाळ गळते, झटके येतात, श्वास थांबतो. मेलेल्या जनावराचे मांस खाणाराही मरतो, म्हणून एका गाईमागे वाघीण, बछडे, कोल्हे, गावातली कुत्री अशी रांग लागते. अशा वेळी उघड्या हाताने काही उचलू नये, किल ताबडतोब झाकावा, कुत्री हाकलावीत, आणि भोवतालच्या पाचशे मीटरमध्ये आणि सगळ्या पाणवठ्यांवर शोध घ्यावा, कारण विष पोटात गेलेला प्राणी पाण्याकडे धावतो.

नमुन्यांबद्दल एक सूचना, कारण खटले इथेच पडतात. विषतपासणीसाठी जठर त्यातल्या अन्नासकट, यकृत आणि मूत्रपिंड हे वेगवेगळ्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात पाठवायचे असतात. म्हणजे पाण्यात इतके मीठ, की आणखी विरघळत नाही आणि तळाशी राहते. फॉर्मॅलिनमध्ये नव्हे. फॉर्मॅलिन पेशींच्या तपासणीसाठी असते. विषाचा नमुना त्यात बुडवला की पुरावा बुडाला. त्याच मिठाच्या पाण्याची वेगळी बाटली सोबत जोडावी, नाहीतर बचाव पक्ष विचारतो की विष मिठातच नव्हते कशावरून. बरण्या काठोकाठ भरू नयेत. वायू धरून झाकण उडते. हे सगळे सामान (चार बरण्या, दोन किलो मीठ, लाख, लेबले, हातमोजे) एका पेटीत, प्रत्येक परिक्षेत्रात, आजपासून तयार असावे. चार-पाचशे रुपयांची पेटी नाही म्हणून कलम ५१चा, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा, खटला ढिला पडतो.

विष येते कुठून? बहुतेक वेळा बाजारातून नवे आणलेले नसते. फोरेट या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२०पासून देशात पूर्ण बंदी आहे. कार्बोफ्युरानचे तीन टक्क्यांचे वेष्टित दाणे सोडून बाकीचे प्रकार २०२३मध्ये बंद झाले. पण बंदीची अधिसूचना माळ्यावर चढत नाही. भाताला किंवा केळीला म्हणून कधीकाळी आणलेली अर्धी पिशवी कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीच्या, झोपडीत असतेच. कृषी खात्याबरोबर एक मोहीम घ्या : जुने औषध आणून द्या, बदल्यात त्या किमतीचे शेणखत किंवा कुंपणाची जाळी न्या, नाव विचारणार नाही. ‘नाव विचारणार नाही’ हे मोठ्या अक्षरांत लिहा.

जाता जाता फासांबद्दल. रानडुकरासाठी दुचाकीच्या क्लचच्या वायरीचा फास लावतात आणि त्यात कंबरेतून बिबटा अडकतो. त्याला बेशुद्ध करून सोडवण्यावर खर्च होतो आणि छायाचित्रेही छापून येतात, पण फास गोळा करत कुळागरांच्या कडेने पायी फिरण्याचे काम कुणाच्या डायरीत दिसत नाही. महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात.

आता पैसे. भरपाई किती, यापेक्षा कधी, हा प्रश्न मोठा आहे. चार रात्री उलटून गेल्यावर आलेला रुपया मालकाच्या रागाशी बोलत नाही, तो फक्त बँकेत पडतो. आमची सूचना : प्रत्येक वनक्षेत्रपालाकडे फिरता निधी ठेवावा आणि जागेवरची तपासणी झाली की ४८ तासांत ठरावीक तातडीची रक्कम मालकाच्या खात्यात जावी. उरलेली रक्कम तीस दिवसांत, पशुवैद्याच्या मूल्यांकनानंतर. नंतर दावा खोटा ठरला तर पुढच्या दाव्यातून वळती करा. थोडे पैसे बुडतील. वाघिणीच्या मानाने ते स्वस्त आहेत.

मूल्यांकनात एक खोट आहे. गाईची किंमत दुधावर काढतात. इथली पांढरी गावठी गाय, जी २०२० साली ‘श्वेतकपिला’ या नावाने देशी जात म्हणून नोंदली गेली, दिवसाला दोन-तीन लिटर देते. संकरित गाईच्या तक्त्यात ती बसवली की तिची किंमत पडते. पण ती रानात स्वतः चरते, पेंड मागत नाही, पावसात टिकते, दरवर्षी वासरू देते, आणि तिच्या शेणावर कुळागर उभे असते. गाभण आहे की नाही, कितवे वेत, खोंड किती, हे मोजून वेगळा तक्ता करावा. पशुसंवर्धन खात्याला हे एका बैठकीत करता येईल. आणि बिल्ला : कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला नसेल तर गाय कोणाची, यावरच फाईल अडते. म्हणून लसीकरणाची फेरी आणि बिल्ला एकाच दिवशी. बिल्ला नाही म्हणून दावा फेटाळू नये. पंचाने आणि दोन शेजाऱ्यांनी ओळख पटवली तर चालावे. कान वाघाने खाल्ला तर बिल्लाही गेला, हेही कुणीतरी नियमात लिहून ठेवायला हवे.

गोठ्याचे काम भरपाईपेक्षा कंटाळवाणे, पण उपयोगाचे. कुडाच्या भिंती आणि वर नुसते झापांचे छप्पर असेल तर बिबटा वरून उतरतो. निम्मे नुकसान वासरांचे असते ते यामुळे. भिंत चिऱ्याची, कंबरेइतकी पुरते. त्यावर छपरापर्यंत वेल्ड केलेली जाळी, भोक चार इंचांपेक्षा मोठे नको. छप्पर जाळीला घट्ट बांधलेले. दार आत उघडणारे नको, कारण गुरे घाबरून दाराशी दाटली की ते उघडतच नाही. बाहेर उघडणारे, वर आणि खाली अशा दोन कड्यांचे. वासरांचा कप्पा मधोमध. दिवा लावला की काम झाले असे समजू नये. कायम जळणाऱ्या दिव्याला बिबटा आठवड्यात सरावतो. आणि गोठा कितीही पक्का असला तरी दिवसा राखण्याशिवाय सोडलेल्या गुरांना तो वाचवत नाही. वाघ गोठ्यात क्वचितच येतो, तो गुरांना रानात आणि संध्याकाळी गाठतो. गुरे चारच्या आत माघारी वळवायला एक माणूस लागतो, आणि घरातले तरुण आता कारखान्यात पाळीवर जातात. भरपाईच्या नियमात ‘गुराखी सोबत होता का’ असा रकाना टाकण्याआधी हे लक्षात घ्यावे. सात-आठ घरांनी मिळून एक गुराखी ठेवला आणि त्याच्या मजुरीचा अर्धा वाटा खात्याने उचलला, तर वर्षभराचा तो खर्च दोन-तीन गाईंच्या भरपाईएवढाच होईल.

शेवटी हक्कांचे. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या काळात जाहीर झाली. रान वाचले ते त्यामुळे. खाणींच्या तोंडून ते सुटले नसते तर आज पत्र लिहायला वाघही नसता. पण कलम १८ची अधिसूचना निघाल्यावर लोकांचे हक्क ठरवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो दोन वर्षांत संपवावे असे कलम २५-अ सांगते, आणि दोन वर्षांची पंचवीस होऊनही ते संपले नाही. उच्च न्यायालयाने २०२३च्या आदेशातही हे काम बारा महिन्यांत उरकायला सांगितले होते. हक्क ठरलेले नाहीत म्हणून घर दुरुस्त करता येत नाही, वीज येत नाही, आणि या सगळ्याचा राग काढायला समोर वाघच तेवढा असतो.

यात सगळ्यात मागे राहिला तो धनगर-गवळी. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतले. धनगर-गवळी बाहेर राहिले. त्यामुळे वनहक्क कायद्याखाली त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून अर्ज करावा लागतो, आणि तिथे १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. पंचाहत्तर वर्षे मागे गेलो तर पोर्तुगीज राज्य लागते. हंगामाप्रमाणे गुरांमागे वाडा हलवणाऱ्या माणसाकडे त्या काळचा कागद मागणे ही थट्टा आहे. कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी जबानी, जुनी थडगी, देवस्थाने आणि वाड्याच्या खुणा पुरावा म्हणून चालतात. वाघ्रोचा दगडही चालावा. ग्रामसभेच्या वन हक्क समितीला हे कुणी सांगितलेले नसते. वनक्षेत्रपालाने सांगितले तर ऐकले जाईल, कारण आजवर तो उलट बाजूला बसलेला दिसला आहे.

भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात, ओहोळ आटू लागतात, आणि गुरे आणि वाघ एकाच कोंडीवर पाण्याला येतात. म्हणून त्याआधी, नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी, आम्हाला एवढे हवे आहे : तिन्ही अभयारण्यांतल्या वाड्यांसाठी चराईचे लेखी आदेश, प्रत्येक परिक्षेत्रात चार कॅमेरे, एक नमुन्यांची पेटी आणि फिरता निधी, राखणीच्या मजुरीचा दर, आणि एकच दूरध्वनी क्रमांक, जो रात्रीही उचलला जाईल. क्रमांक वनचौकीच्या दारावर नको, वाड्याच्या पाणवठ्यावर रंगवा. पंचायतींनी आपापल्या वाड्यांतली गुरे आणि बिल्ले यांची यादी गणेशचतुर्थी आटोपल्यावर द्यावी. पशुवैद्याच्या फेरीचा दिवस त्यावरून ठरेल.

आदेशाचा मसुदा मराठीत असावा. ज्याची गाय जाते त्याला तो वाचता आला पाहिजे.

आपले,
सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांत गुरे आणि रान या दोन्हींशी ज्यांचे काम पडते असे काही जण